ज्वारीच्या पिठातला गहू: इंदूरच्या एका घरातील सीलिअ‍ॅकचे प्रकरण

रुग्ण ११ वर्षांची मुलगी, सहावीत शिकणारी. आजार सीलिअ‍ॅक: गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतडे खराब होते. घर इंदूरच्या राजेंद्रनगर भागातले: आजी, आई-बाबा, ही मुलगी आणि धाकटा भाऊ. हे एकाच कुटुंबाचे कागद नाहीत. मराठी घरांत या आजारात पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण उभे केले आहे. आकडे त्या चौकटीतले, पण हिशेब खरे.

निदानापर्यंत

दोन वर्षे हिमोग्लोबिन ८ ते ९ च्या मध्ये अडकलेले. लोहाचे सिरप चालू असेपर्यंत थोडे वर, बंद केले की पुन्हा खाली. जंतांचे औषध तीनदा देऊन झाले. उंचीत वर्गात शेवटून पहिली, वजन २४ किलो, जेवल्यावर पोट फुगणे आणि बद्धकोष्ठता. जुलाब नव्हते, म्हणूनच सीलिअ‍ॅकचा विचार उशिरा झाला. हा आजार म्हणजे जुलाबच, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. प्रत्यक्षात दाद न देणारा रक्तक्षय आणि खुंटलेली उंची एवढीच लक्षणे असलेली मुले कमी नाहीत. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि या आजारात सर्वांत आधी तोच भाग खराब होतो. सिरप कितीही पाजले तरी अंगी लागत नाही ते त्यामुळे.

रक्तात टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारे प्रतिपिंड) २१२ आले (त्या प्रयोगशाळेची मर्यादा २०). सोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा हाच प्रकार) तपासले होते, ते योग्यच, कारण ज्यांच्यात आयजीएच कमी असते त्यांची टीटीजी चाचणी खोटी 'ठीक' येते. एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तुकडे घेतले. अहवाल मार्श ३बी, म्हणजे अन्न शोषणारे अंकुर बरेच झिजलेले. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ५.

गव्हाच्या पट्ट्यात हा आजार दुर्मीळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री भारतीय पाहणीत प्रौढांमधले प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आजाराला लागणारी जनुके तिन्हीकडे आहेत. मोठा फरक रोजच्या गव्हात आहे. 'डग डग रोटी' म्हणणाऱ्या माळव्यात तीन पिढ्या राहिलेले मराठी घरही ताटापुरते माळवीच होते. सकाळी पोळी, रात्री पोळी, रविवारी दाल-बाफले (बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे).

पहिले वर्ष

घराने जे करायचे ते मनापासून केले. मुलीची पोळी बंद, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भात सुरू. ब्रेड, बिस्किटे, रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया बंद. मॉल्ट असलेले दुधातले चूर्ण बंद, कारण मॉल्ट जवापासून होते. पहिले सहा आठवडे दूध कमी करून दही-ताक दिले. अंकुर झिजले की दूध पचवणारे विकर तात्पुरते घटते. आतडे सुधारले की दूध परत चालते.

मुलीला बरे वाटू लागले. पोट फुगणे थांबले, सहा महिन्यांत वजन दोन किलोने वाढले, हिमोग्लोबिन १०.४ झाले. टीटीजी मात्र १६८. डॉक्टर म्हणाले, उतरायला वेळ लागतो, थांबू. ते बरोबरच होते. इतका चढलेला आकडा मर्यादेत यायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. पण बाराव्या महिन्यात तो १३१ आणि फेरिटिन ९. उतार इतका मंद असला की पहिला संशय एकच: ग्लूटेन अजून पोटात जाते आहे. दुसरे निदान, दुसरे औषध, 'असाध्य सीलिअ‍ॅक' हे सगळे त्यानंतर. मुलांमध्ये तर ते फारच क्वचित.

आईचे म्हणणे होते की गव्हाचा कणसुद्धा तिच्या ताटात जात नाही. पोळीपुरते ते खरे होते.

किती म्हणजे जास्त

शोध सुरू करण्याआधी प्रमाण समजून घ्यावे लागते, नाहीतर माणूस क्षुल्लक गोष्टींमागे धावतो आणि मोठे भोक उघडेच राहते. बहुतेक सीलिअ‍ॅक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन निभावते. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्यावर परिणाम दिसल्याचे चाचणीत आढळले आहे. आता पोळी बघा. ३० ग्रॅम कणकेत ढोबळमानाने ३ ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे ३,००० मिलिग्रॅम. पोळीचा तीनशेवा भाग म्हणजे १० मिलिग्रॅम. परातीच्या काठाला चिकटलेले पीठ याहून जास्त असते.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लूटेन-फ्री' छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. २० पीपीएम म्हणतात ते हेच.

चौदा दिवसांची वही

आहारतज्ज्ञांनी वही ठेवायला सांगितली, पण 'काय खाल्ले' अशी नाही. प्रत्येक पदार्थापुढे तीन रकाने: कुठल्या डब्यातून, कुठे दळले किंवा तळले, आणि त्याच वेळी ओट्यावर दुसरे काय चालू होते. साधी वही ठेवली असती तर 'ज्वारीची भाकरी, वरण, भात, भेंडी' एवढेच लिहिले गेले असते आणि सगळे निर्दोष दिसले असते.

चार वाटा सापडल्या. त्यांचे वजन सारखे नव्हते.

सर्वांत मोठी चक्की. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून दर पंधरवड्याला पाच किलो दळण कोपऱ्यावरच्या चक्कीवर जायचे. चक्कीवाला ओळखीचा, 'आधी साफ करून देतो' म्हणणारा, आणि तो खरेच फडके मारायचा. पण दोन दगडांमधल्या फटीत, तोंडाशी बांधलेल्या कापडी नळीत आणि खालच्या पेटीत आधीच्या दळणाचे पीठ उरतेच. समजा फक्त ५० ग्रॅम कणीक उरली. त्यात सुमारे ५ ग्रॅम ग्लूटेन. ते पाच किलो ज्वारीत मिसळले की किलोला १,००० मिलिग्रॅम, मर्यादेच्या पन्नासपट. मुलगी दिवसाला १५० ग्रॅम पीठ खाई, म्हणजे रोज १५० मिलिग्रॅम ग्लूटेन, तेही भाकरीतून. पथ्याचा मुख्य पदार्थच पथ्य मोडत होता.

यावर 'पहिले किलोभर पीठ बाजूला काढायचे' हा उपाय सांगितला जातो. त्याने प्रमाण घटते, पण दळण संपेपर्यंत थोडे थोडे झडतच राहते आणि आकड्याची खात्री देता येत नाही. 'सकाळी पहिला नंबर लावा' यालाही फारसा अर्थ नाही, आदल्या रात्रीचा गहू तिथेच असतो.

घराने घरघंटी घेतली, नवी. जुनी स्वस्तात मिळत होती, पण तिच्यात आधी काय दळले ते धुऊन काढता येत नाही. नियम एकच: तिच्यात गहू कधीच जाणार नाही, पाहुणे आले तरी नाही. त्याबरोबर दुसरी शिस्त आली. ज्वारी अख्खी आणायची आणि ताटात पसरून निवडायची. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ४ मिलिग्रॅम ग्लूटेन. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की २० ची मर्यादा भरली. छावणीच्या धान्यबाजारातून आणलेल्या पोत्यात एवढे दाणे सहज निघतात. ज्वारीत गहू डोळ्यांना चटकन दिसतो, हे सुदैव. निवडायचे काम आजींनी स्वतःकडे घेतले, चष्मा लावून, दुपारच्या उजेडात. बेसनासाठी चणाडाळ आणि भाजणीचे धान्यही याच घरघंटीवर आले. बाजारच्या खुल्या बेसनाची गोष्ट चक्कीपेक्षा वेगळी नसते.

दुसरी वाट ओटा. पोळ्या आणि भाकरी एकाच वेळी, एकाच परातीत, एकाच तव्यावर. पोळी लाटताना लावायच्या पिठीचा धुरळा शेजारच्या उघड्या पातेल्यात बसतो. कणकेच्या हाताने मिठाच्या डब्यात चिमूट, पोळीच्या तुकड्याने तुपाच्या भांड्यातले तूप. यावर अख्खे स्वयंपाकघर बदलायची गरज नाही. वेगळे काय हवे ते ठरवायचा निकष साधा: जे घासून गुळगुळीत स्वच्छ होते ते चालते, ज्यात भेगा, भोके किंवा जाळी आहे ते नाही. स्टीलची पातेली, ताटे, कुकर चालले. पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी, लोखंडी तवा, झारा, मिक्सरच्या झाकणाचे रबर आणि भांडी घासायची घासणी नवी आली. नव्या वस्तूंच्या मुठीला लाल दोरा बांधला. मीठ, तूप आणि लोणच्याच्या बरण्या दोन-दोन झाल्या. क्रम ठरला: आधी मुलीचे शिजवून झाकून ठेवायचे, मग कणकेचा डबा उघडायचा. पोळीवाल्या मावशींना हे एकदा सांगून पुरले नाही. लाल दोऱ्याचे कारण त्यांना स्वतःला पटले तेव्हाच ते टिकले.

तिसरी वाट हिंग. बाजारातला बांधणी हिंग म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक व पीठ. हे पीठ पुष्कळदा मैद्याचे असते. डबीवर घटकांत 'गव्हाचे पीठ' लिहिलेले असते, पण तेवढे बारीक कोण वाचतो? हिशेब केला तर चिमूटभर हिंगात १०० मिलिग्रॅम मैदा धरला तरी पातेल्यात १० मिलिग्रॅम ग्लूटेन, पाच माणसांत वाटून एकीला २. म्हणजे चक्कीपुढे हिंग किरकोळ. पण तो वरणात, भाजीत, कढीत, लोणच्यात, दिवसातून तीन-चारदा असतो. इंदूरच्या सियागंज बाजारात तांदळाच्या पिठाचा बांधणी हिंग मिळतो, डबी वाचून घ्यायची. खडा हिंगही मिळतो. तो कुटून तेलात मोहरीच्या दाण्याएवढा पुरतो. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) घरी करायला घेतले तेही हिंगासाठीच, नाहीतर इंदूरच्या पोह्यांना चव कुठली.

चौथी वाट बाहेरची शेव. शेव बेसनाची, म्हणजे चालणार, असा समज. दुकानात त्याच कढईत मठरी आणि मैद्याची पापडी तळतात, त्याच डावाने सगळे तोलतात. शेव घरी पाडायला लागल्यावर हा प्रश्न संपला, फक्त घरातले तेलही वेगळे ठेवावे लागले. पुरी तळलेल्या तेलात साबुदाणा वडा तळला की तो वडा गेलाच.

या चारांखेरीज दोन मराठी डबे वहीत निघाले. मेतकूट: पारंपरिक कृतीत डाळींबरोबर गहूही भाजून घालतात. आणि थालिपीठाची भाजणी, तिच्यातही गहू. मऊ भात-मेतकूट हे आजारी मुलीचे खास जेवण वर्षभर चालू होते. दोन्ही आता गहू वगळून होतात. भाजणीत त्या जागी ज्वारी वाढवली, चवीत फार फरक पडत नाही. सातूचे पीठ मात्र यादीतून कायमचे गेले, सातू म्हणजे जवच. ओट्स पहिली दोन वर्षे वर्ज्य ठेवले: ओट्स मुळात वेगळे धान्य, पण बाजारात गव्हा-जवाशी मिसळलेलेच असतात, आणि शुद्ध ओट्सही थोड्या रुग्णांना सोसत नाहीत.

डब्यातली भाकरी

पथ्य मोडते ते चुकून, तसेच कंटाळूनही. शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत ज्वारीची भाकरी कडक होते, मुलगी ती परत आणते आणि मैत्रिणीच्या डब्यातला पराठा तोडते. वहीत हे दोनदा होते, आणि मुलीने स्वतः लिहिले होते. तिच्यावर रागावण्यापेक्षा भाकरी सुधारणे उपयोगाचे ठरले.

ताज्या दळणाची ज्वारी थापायला सोपी. पंधरा-वीस दिवसांत पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरीला चिरा पडतात. म्हणून दळण थोडे आणि वारंवार. घरघंटी असल्याने आता आठवड्याला किलो-दीड किलोच दळतात. डब्यासाठी वेगळे प्रमाण बसवले: ज्वारीचे पीठ ८० ग्रॅम, तांदळाची पिठी २० ग्रॅम, इसबगोलाची भुशी ४ ग्रॅम (दोन छोटे चमचे), चिमूट मीठ, एक चमचा तेल आणि कढत पाणी ११० ते १२० मिली. नीमचचा बाजार इसबगोलाचाच, त्यामुळे या बाजूला भुशी सहज मिळते. भुशी कोरड्या पिठात आधी नीट मिसळायची. पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. कढत पाणी ओतून उलथन्याने हलवायचे, पंधरा मिनिटे झाकून मग मळायचे, तांदळाच्या पिठीवर लाटायचे. चार छोट्या रोट्या होतात. तवा चांगला तापलेला हवा. मंद तव्यावर ओलावा उडून जातो आणि रोटी पापडासारखी होते. शेकली की लगेच फडक्यात. भुशी सहा-सात ग्रॅमवर नेली की रोटी रबरी लागते, आणि पाणी कमी प्यायले तर पोट जड होते.

दर दिवशी रोटीच हवी असेही नाही. इडली, घावन, आंबोळी, पोहे, साबुदाण्याची खिचडी, भुट्ट्याचा कीस हे सगळे मुळातच गव्हाविना. पण भात-साबुदाण्यावरच भर दिला तर पोट भरते आणि लोह-कॅल्शियम मागे पडते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह. आठवड्यातून तीनदा नाचणी, थंडीत बाजरी, आणि लोह असलेल्या जेवणाबरोबर लिंबू. जेवणानंतरचा चहा मुलीचा बंद केला, तो लोह अडवतो. 'ग्लूटेन-फ्री' बिस्किटे प्रवासापुरतीच. ती बहुधा स्टार्च, साखर आणि चरबी असतात, शिवाय महाग.

सणांचे फार अवघड गेले नाही. उकडीचे मोदक, अनारसे, तिळगूळ आहे तसेच. पाडव्याला श्रीखंडाबरोबर राजगिऱ्याची पुरी. होळीची पुरणपोळी तांदळाच्या उकडीच्या पारीत. ती जाडसर होते आणि उलटताना फाटते, पण पुरण तेच. अडले सत्यनारायणाच्या शिऱ्यावर. 'देवाच्या चिमूटभर प्रसादाने काय होणार' हे आजींचे वाक्य होते, आणि तीनशेव्या भागाचा हिशेब त्यांना दाखवल्यावर त्यांनीच गुरुजींना विचारून घरच्या पूजेला राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा केला. दुसऱ्यांकडे मुलगी प्रसादातले केळे घेते.

आईचा रक्तक्षय

निदान झाले तेव्हा आई-बाबा आणि भाऊ यांच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हा आजार साधारण दहात एकाला सापडतो. भावाचे आणि बाबांचे टीटीजी ठीक आले. आईने तपासणी वर्षभर लांबवली. तिचे हिमोग्लोबिन कायम ९ च्या घरात, पण 'बायकांचे असतेच' म्हणून सोडून दिलेले. मधल्या काळात मुलीला सोबत म्हणून तिनेही पोळी जवळजवळ सोडली होती.

इथे खरा घोळ झाला. गहू बंद असताना टीटीजी उतरते आणि आतडेही सावरू लागते. तपासणीचा निकाल धड 'आहे' ना धड 'नाही' असा येतो. आईचा आकडा २४ आला, मर्यादेच्या जेमतेम वर. नक्की करण्यासाठी तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे रोज दोन पोळ्या खाव्या लागल्या, पोट बिघडत असतानाही. नंतर टीटीजी ९०, आतड्याच्या तुकड्यात मार्श ३ए, म्हणजे अंकुर थोडे झिजलेले. घरात एकाचे निदान झाले की बाकीच्यांचे रक्त आधी घ्यायचे आणि स्वयंपाकघर नंतर बदलायचे. हा क्रम चुकला नसता तर आईचे ते दोन महिने वाचले असते.

आईही सीलिअ‍ॅक निघाल्यावर घराने हिशेब उलटा केला. पाचांपैकी दोघींना गहू चालत नाही, तर रोजचा स्वयंपाक सगळ्यांचाच बिनगव्हाचा, आणि बाबा-भावासाठी पोळ्या बाहेरून बांधून, वेगळ्या डब्यात. ओट्यावर कणीक मळणे बंद झाले. चौदा दिवसांच्या वहीने जे सुधारले नव्हते ते या एका बदलाने सुधारले, असे आमचे मत आहे. मात्र प्रत्येक घराला ते परवडेल किंवा पटेल असे नाही.

आकडे आणि पुढचे

घरघंटीनंतर सहा महिन्यांनी मुलीचे टीटीजी ४६, त्यानंतर वर्षाने १३. फेरिटिन ३१, हिमोग्लोबिन १२.२, लोहाचे औषध थांबवले. उंचीचा आलेख खालच्या रेषेवरून वर सरकला आहे. आता वर्षातून एकदा टीटीजी, रक्त, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड. थायरॉइडचे विकार सीलिअ‍ॅकबरोबर जास्त आढळतात, म्हणून ती तपासणी. आईची हाडांची डेक्सा तपासणीही झाली, कंबरेची घनता कमी निघाली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे.

शाळेची मांडूला दोन रात्रींची सहल ठरली आहे. बाईंना दोन ओळींची चिठ्ठी दिली: गहू, रवा, मैदा, सोया सॉस नाही, वेगळ्या धुतलेल्या पातेल्यात साधा भात, दही, उकडलेले अंडे, केळे चालते, वरण-भाजी हिंगामुळे नको. सॅकमध्ये इसबगोलाच्या आठ रोट्या (दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात), राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे, नव्या मेतकुटाची पुडी, घरच्या शेवेचा डबा आणि स्वतःचा चमचा. शेव दोन डब्यांत भरली आहे: एक मैत्रिणींना द्यायला, दुसऱ्यात बाकी कोणाचा हात जायचा नाही.